कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते बघा

मी एका कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळते. घरी आल्यावर तेच काम फोनवर चालू राहतं, कारण नात्यात कुणाचंही मशीन अडलं की फोन माझ्याकडे येतो. पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये." माझा प्रश्नही ठरलेला: "बटण दाबल्यावर काय काय होतं ते क्रमाने सांग." पंखा फिरतो का? दिवा लागतो का? कंपनीचं चिन्ह दिसतं का? त्याखाली ठिपके गोल फिरतात का? काकांना दर वेळी वाटतं की मी वेळ काढतेय. पण अर्धं निदान या उत्तरांतच होऊन जातं.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कामं ठरावीक क्रमाने होतात. आधी वीज पोचते. मग मदरबोर्ड प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स जागेवर आहेत का ते तपासतो. मग तो डिस्क शोधतो, डिस्कवरून विंडोज भरलं जातं आणि शेवटी तुमचे प्रोग्राम सुरू होतात. मशीन ज्या पायरीवर अडलंय, तिच्या पुढच्या पायऱ्यांना हात लावण्यात काही अर्थ नसतो. कंपनीचं चिन्हच दिसत नसेल तर विंडोज नव्याने टाकून काय होणार? तरीही लोकांचा पहिला उपाय बहुधा तोच असतो: "फॉरमॅट मारूया का?" थांबा जरा.

सुरुवातीलाच दोन सवयी लावून घ्या. एका वेळी एकच बदल करायचा आणि मशीन चालू करून बघायचं. रॅम काढली, केबल बदलली, सेटिंगही फिरवलं आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच घोळ पुन्हा झाला की परत पहिल्यापासून. दुसरी सवय, स्क्रीनवर जे येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. "काहीतरी एरर आला होता, पण गेला" यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

खाली जे आहे ते विंडोज १० आणि ११ साठी आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घराघरांत ते अजून चालू आहे आणि दुरुस्तीचे रस्ते दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत.

बटण दाबलं, काहीच नाही

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. म्हणजे वीज पोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये न घेता वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि त्याच सॉकेटवर दुसरं काहीतरी चालवून बघा. डेस्कटॉपच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एक छोटा स्विच असतो, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडलोट करताना हा स्विच हमखास बंद होतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून चालू करा. आत साठून राहिलेल्या चार्जमुळे अडकलेली सर्किट्स याने मोकळी होतात, आणि पूर्ण मेल्यासारखे वाटणारे किती तरी लॅपटॉप एवढ्यावर उठतात. डेस्कटॉपलाही हेच करता येतं: वायर काढायची आणि बटण दाबून धरायचं.

लॅपटॉपची खालची बाजू फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलल्यासारखं झालं असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तिथे सगळे प्रयोग थांबवायचे. चार्जर लावायचा नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही. मशीन सरळ माहीतगार माणसाकडे न्यायचं. तसंच एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून असतात. तो डबा दुरुस्त करत नाहीत, बदलतात.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि घरच्या घरी सुटण्यासारखी प्रकरणंही इथेच सगळ्यात जास्त असतात.

मॉनिटरपासून सुरू करा. त्याचा स्वतःचा दिवा लागलाय का? इनपुट एचडीएमआयवर आहे की भलत्याच पोर्टवर? डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लागली पाहिजे, वर मदरबोर्डच्या पोर्टला नाही. मशीन पुसायला हलवलं आणि केबल चुकीच्या भोकात गेली, हे मी फोनवर इतक्यांदा सोडवलंय की आता तोच प्रश्न आधी विचारते.

मॉनिटर ठीक असेल तर पुढचा संशय रॅमवर. वायर काढा, बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटची बाजू उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅमची पट्टी उभी बसवलेली असते. तिच्या टोकांना पांढऱ्या किंवा काळ्या कड्या असतात, काही बोर्डांवर एकाच टोकाला. कडी बाहेर ढकलली की पट्टी आपोआप थोडी वर येते. ती दोन्ही कडांना धरून सरळ वर काढा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. त्या पट्ट्या काळपट दिसत असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा, आणि रबराचा चुरा ब्रशने झाडून टाका. तो स्लॉटमध्ये पडला तर नवीच भानगड. आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी असेल तर ते अधिक चांगलं. बसवताना पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर आणायचे आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबायचं. कडी "टक्" करून स्वतःहून मिटली पाहिजे. तुम्हाला ती हाताने मिटवावी लागली तर पट्टी पूर्ण बसलेली नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला इतका जोर लावायची भीती वाटते. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो. तेवढा लागतोच.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती दिलेली असते. एका पट्टीवर मशीन उठतं आणि दुसरीवर नाही, की दोषी सापडला. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात नाहीत, तर दोष स्लॉटचा. डीडीआर५ रॅम असेल तर मात्र धीर धरा: पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर बसतो. ते बिघडणं नव्हे. त्या वेळात बटण दाबून बंद केलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क). सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो तिथे गाडी अडली. जुन्या बोर्डांवर हेच काम बीपचे आवाज करतात, पण त्यांचा अर्थ बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतो, म्हणून आवाज मोजा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतच त्याचा अर्थ शोधा.

"नो बूटेबल डिव्हाइस"

कंपनीचं चिन्ह आलं आणि मग काळ्या पडद्यावर हे वाक्य. म्हणजे बोर्ड, रॅम, ग्राफिक्स सगळं ठीक. विंडोज कुठे आहे ते मशीनला सापडत नाहीये. आधी सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरच्या डिस्क काढा. कित्येकदा मशीन त्यांच्यातच विंडोज शोधत बसलेलं असतं. हे वाचून हसू येईल, पण करून बघा.

नसेल तर बायोसमध्ये जा. चालू करताक्षणी डिलीट किंवा एफ२ भराभर दाबत राहायचं. काही लॅपटॉपना एफ१० किंवा एस्केप लागतं. आत गेल्यावर एकच गोष्ट बघायची: यादीत तुमची डिस्क दिसते का. दिसत असेल तर बूटचा क्रम बिघडलाय. "विंडोज बूट मॅनेजर" वर आणा, सेव्ह करा, बाहेर पडा. दिसतच नसेल तर डेस्कटॉपमध्ये डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, किंवा एम.२ प्रकारची, थेट बोर्डावर बसणारी डिस्कची पट्टी असेल तर तिचा स्क्रू सोडवून ती पुन्हा नीट बसवा.

बायोसमध्ये गेलाच आहात तर तारीख-वेळही बघा. प्रत्येक वेळी घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षावर जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, तीन व्होल्टचा. सेल संपल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि त्यात डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर किंवा उलटा गेला तर विंडोज "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून आपटतं. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, फरक एका सेटिंगचा. ते आधी होतं तसं ठेवलं की मशीन काहीच न झाल्यासारखं सुरू होतं. माझ्या लॅबमधल्या एका मशीनचं विंडोज याच कारणासाठी पुसलं जाणार होतं. बायोसमधली तारीख बघितली म्हणून वाचलं.

डिस्क मरायला टेकली असेल तर

हार्ड डिस्कमधून कट-कट किंवा घासल्यासारखा आवाज येतोय, फाइल उघडायला युग लागतंय, मशीन मध्येच गोठतंय, सुरू व्हायला दर आठवड्याला जास्त वेळ घेतंय. ही लक्षणं दिसली तर दुरुस्ती नंतर. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. याबाबतीत मी हट्टी आहे आणि माझ्याकडून ओरडा खाल्लेले नातेवाईक पुष्कळ आहेत.

कारण असं की इंटरनेटवर सगळ्यात जास्त सुचवली जाणारी चेकडिस्कची (डिस्क तपासायची) आज्ञा, तिच्यातही 'स्लॅश आर' लावलेली, संपूर्ण डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचते. निरोगी डिस्कला त्याने काही होत नाही. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर तेच तासन्‌तास चालवलं तर ती मध्येच जाऊ शकते, आणि सोबत फोटोही.

विंडोज चालू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. 'गुड' असेल तर ठीक, 'कॉशन' म्हणजे आजच कॉपी, 'बॅड' म्हणजे आत्ता. आकड्यांच्या जंगलात दोनच ओळी बघा: 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. तिथले आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ झाली. एसएसडी (चिपांवर चालणारी, न फिरणारी डिस्क) मात्र आवाज करत नाही. ती आज चालते आणि उद्या बायोसमध्ये दिसतच नाही, तेव्हा तिच्या भरवशावर एकुलती एक प्रत ठेवू नका.

विंडोज चालूच होत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा आणि आजारी मशीन त्यावरून सुरू करा. पहिल्या पडद्यावर "इन्स्टॉल" न निवडता नुसतं "ट्राय" निवडायचं. डिस्क फोल्डरसारखी उघडते, फाइली बाहेरच्या डिस्कवर ओढून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या कुलूप लावायच्या सोयीने) कुलूपबंद असेल तर चावी लागेल. तिच्याबद्दल पुढे येतंच आहे.

ठिपके फिरतात आणि फिरतच राहतात

विंडोज भरायला सुरुवात झाली आणि अडलं. अपडेट चालू असल्याचं लिहिलेलं असेल तर तासभर तरी हात लावू नका, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवर. तसं काही लिहिलेलं नसेल तर प्रिंटर, वेबकॅम, कार्डरीडर सगळं काढा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा आणि पुन्हा चालू करा.

तरीही नाही, तर दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जायचं. चिन्ह दिसल्यावर ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. हे लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोजला कळतं की काहीतरी बिनसलंय, आणि पुढच्या वेळी ते स्वतःच "ऑटोमॅटिक रिपेअर" दाखवतं. एरवी असं बटण दाबून बंद करू नये म्हणतात ते खरंच आहे, पण इथे दुसरा सोपा दरवाजा नाही. लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचत असाल तर हे करूच नका. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडा, त्याच ठिकाणी पोचाल.

आता बिटलॉकर. या पडद्यावरून पुढे जाताना मशीन अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. "मी तर कधी असं काही लावलंच नव्हतं!" असं प्रत्येक जण म्हणतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि चावी त्याच खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्या खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुमच्या मशीनच्या नावाखाली ती सापडते. पडद्यावर दिसणारा की आयडी आणि खात्यातला आयडी जुळतो का ते बघा, नाहीतर दुसऱ्याच लॅपटॉपची चावी टाकत बसाल. हे वाचताना तुमचं मशीन नीट चालत असेल तर आजच ही चावी कागदावर उतरवून घ्या.

दुरुस्तीच्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. माझा क्रम असा: आधी 'स्टार्टअप रिपेअर', एकदाच. ते "दुरुस्त करता आलं नाही" म्हणालं तर पुन्हा पुन्हा चालवून काही बदलत नाही. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. मग 'सिस्टिम रिस्टोर', जुना बिंदू असेल तर. पुष्कळ मशीनवर तो चालूच केलेला नसतो. मग सेफ मोड: 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट', आणि यादी आली की ४, इंटरनेट हवं असेल तर ५.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांवर, चालतं. तिथे सगळं सुरळीत असेल तर दोष बहुधा यंत्रात नाही, नंतर टाकलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये आहे. याचं जगाने पाहिलेलं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर (विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या पडद्यावर) आणली. विमानतळ आणि बँकांपर्यंत खोळंबा झाला. हाताने करायची दुरुस्ती काय होती? सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हरांच्या फोल्डरमधली एक फाइल पुसायची, रीस्टार्ट. आणि ती इतकी लांबली कशामुळे? माणसाला एकेका मशीनपाशी जावं लागत होतं, आणि वर अनेक मशीन बिटलॉकरची चावी मागत होती.

घरी तुम्ही सेफ मोडमध्ये हे करा: बिघाडाच्या आसपास काय टाकलं ते आठवा आणि काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक तरी काढाच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुकता बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक'. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एसएफसी', एक स्पेस, 'स्लॅश स्कॅननाऊ' ही आज्ञा चालवा. ती विंडोजच्या खराब फाइली मूळ प्रतीवरून बदलते. ती प्रतच खराब असल्याचं ती म्हणाली तर विंडोज नेहमीसारखं सुरू करून, इंटरनेट चालू ठेवून, 'डीआयएसएम'ची 'रिस्टोरहेल्थ' आज्ञा चालवा आणि मग एसएफसी पुन्हा.

एक प्रकार बघायला भयंकर आणि सोडवायला सोपा: लॉगिन होतं आणि मग काळा पडदा, नुसता माउसचा बाण. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, नवीन टास्कमध्ये 'एक्सप्लोरर' टाइप करा. डेस्कटॉप परत येतो.

आणि "बंद करून चालू केलं तरी तसंच" असं म्हणत असाल तर: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन'ने मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि चालू करताना तीच परत उचलली जाते, गोंधळासकट. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून मी फोनवर नेहमी रीस्टार्टच करायला सांगते.

'रीसेट धिस पीसी' हा शेवटचा उपाय. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, प्रोग्राम जातात. तरीही कॉपी काढल्याशिवाय ते बटण दाबू नका.

निळी स्क्रीन

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती आता काळी झाली आहे, रडका चेहराही गेला, पण खालचा स्टॉप कोड (बिघाडाचा प्रकार सांगणारे शब्द) अजून आहे आणि आपल्याला तोच हवा. स्क्रीन वाचायच्या आत जात असेल तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये ९ दाबा. बिघाडानंतर मशीन आपोआप रीस्टार्ट होणं थांबतं.

कोड गुन्हेगाराचं नाव सांगत नाही, मोहल्ला सांगतो. 'मेमरी मॅनेजमेंट' आलं तर रॅम तपासा. 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' बहुतेक वेळा ड्रायव्हर, कधी रॅम. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' ग्राफिक्सचा. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' प्रत्यक्ष यंत्राचा: प्रोसेसर, तापमान, वीज किंवा ओव्हरक्लॉकिंग (यंत्र ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं). 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' आला तर मी आधी डिस्क बघते. एकदाच कधी निळी स्क्रीन आली आणि पुन्हा नाही, तर सोडून द्या. तोच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर एकाच ठिकाणी बोट दाखवता येतं. दर वेळी वेगळा कोड येत असेल तर मला हमखास रॅमचा वास येतो.

रॅम तपासायला विंडोजचं स्वतःचं साधन आहे, पण मी मेमटेस्ट८६ प्लसचा पेनड्राइव्ह बनवून रात्रभर चालवते. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी किंवा तिचं सेटिंग दोषी; "फक्त एकच तर एरर आहे" असा हिशेब इथे चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. रॅम ठीक असते, फक्त तिला झेपत नाही इतक्या वेगाने पळवलेली असते.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम किंवा मोठे प्रोग्राम कारण नसताना कोसळत असतील तर बायोस अपडेट केलंय का बघा. काही मॉडेल्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर झिजत होते. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

मध्येच फट्‌कन बंद

निळी स्क्रीन नाही, संदेश नाही, सरळ अंधार. इव्हेंट व्ह्यूअर उघडलंत तर 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल आणि इंटरनेट सांगेल की एसएमपीएस गेला. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते तुम्हाला आधीच माहीत होतं. त्यापेक्षा स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसागणिक लाल फुल्या दिसतात, आणि पहिली फुली कुठल्या दिवशी पडली, त्या दिवशी काय टाकलं गेलं, ते एका नजरेत कळतं. इतकं उपयोगी साधन इतकं लपवून ठेवलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

बंद कधी पडतं ते बघा. वीस मिनिटं काम केल्यावर, गेम खेळताना, व्हिडिओ बनवताना? मग उष्णता. वायर काढा, कॅबिनेट उघडा, प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पत्र्यांत साचलेला धुळीचा गालिचा ब्रशने आणि हवेने काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं भरधाव फिरू देऊ नका. जुनं मशीन असेल तर प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते, ती बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवत असाल तर खालची जाळी बंद होते, तिथे पेस्टचा दोष नाही.

थंड मशीनही ताण येताच बंद पडत असेल, किंवा हलवल्यावर पडत असेल, तर एसएमपीएस आणि त्याच्या वायरी. घरात त्याच ताकदीचा दुसरा एसएमपीएस असेल तर लावून बघता येतं. पण मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली एकाच्या दुसऱ्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि डिस्क जळू शकते.

जे बिघाड नव्हतंच

मावशीचा फोन येतो: पडदा निळा झालाय, मोठ्याने बाई बोलतेय, व्हायरस शिरलाय आणि या नंबरवर लगेच फोन करा म्हणतेय. विंडोजच्या खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीही नसतो आणि तो बोलत नाही. हे ब्राउझरमधलं पान असतं, पूर्ण पडदा व्यापलेलं. ऑल्ट आणि एफ४, किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. ब्राउझर परत उघडल्यावर "जुनी पानं पुन्हा उघडू का" विचारलं तर नाही म्हणायचं. नंबरावर फोन करून कुणाला मशीनचा ताबा दिला असेल तर इंटरनेट तोडायचं, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायचे आणि बँकेला कळवायचं, याच क्रमाने.

दुरुस्तीला देताना

डिस्क कट-कट करतेय आणि तिच्यावर एकुलती एक प्रत आहे, पाणी सांडलंय, जळका वास येतोय, बॅटरी फुगलीय: ही घरची कामं नाहीत. पाणी सांडल्यावर "चालू करून बघू" हा मोह सगळ्यात महाग पडतो. बंद करा, चार्जर काढा, पालथं ठेवा आणि तसंच न्या.

सोबत एक चिठ्ठी द्या: कुठपर्यंत येतं, कधीपासून, त्याआधी काय बदललं, घरी काय काय करून पाहिलं आणि स्टॉप कोड काय आला. चिठ्ठीवर ठळक लिहा की विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आणि तोंडीही सांगा, कारण चिठ्ठी टेबलावर राहते आणि मशीन आत जातं. नेहमीचा पासवर्ड देऊ नका. लागणारच असेल तर देण्यापुरता बदलून द्या. डिस्क बदलली असं सांगितलं तर जुनी डिस्क मागून घ्या.